उजळपणा म्हणजे प्रमाण नव्हे

कॅल्शियमला चिकटल्यावर ज्याची चमक बदलते असे रंजक, म्हणजे प्रोब, टाकल्यावर पेशी जितकी उजळ दिसेल तितके कॅल्शियम जास्त, असे म्हटले जाते. हे विधान परीक्षानळीत ठीक आहे, पण जिवंत पेशीत ते सरसकट लागू पडत नाही. तिथला उजळपणा आत रंजक किती शिरले आणि त्या जागी पेशी किती जाड आहे यांवरही ठरतो. पसरट पेशीचा केंद्रकाजवळचा फुगीर भाग कडेच्या पातळ भागापेक्षा झळझळीत दिसतो, तो पुष्कळदा केवळ जाडीमुळे. यावर उपाय म्हणून जीवरसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये फ्युरा-२ हे कॅल्शियम दाखवणारे रंजक पुढे आणले. त्याच्यावर ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आळीपाळीने टाकून ५१० नॅनोमीटरच्या आसपासच्या उत्सर्जनांचे गुणोत्तर घेतले, की रंजकाचे प्रमाण आणि जाडी भागाकारातच निघून जातात आणि कॅल्शियमचा फरक तेवढा उरतो.

मात्र हा प्रोब कॅल्शियमला धरूनच ते दाखवतो, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. विश्रांत पेशीच्या पेशीद्रवात मुक्त कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर, म्हणजे अत्यल्प, असते, त्यामुळे रंजक जास्त साठले तर ते स्वतःच बफर, म्हणजे मुक्त कॅल्शियम धरून ठेवणारे, होऊन बसते. चित्र स्वच्छ यावे म्हणून मी एकदा पेशी रंजकात दुप्पट वेळ ठेवल्या होत्या. चित्र सुरेख आले, पण एरवी झर्रकन चढून उतरणारे कॅल्शियमचे शिखर बसके झाले आणि उतरायलाही रेंगाळले. रंजक निम्म्यावर आणल्यावर चित्र खरखरीत झाले, शिखर मात्र परत आले.