मदत हवी आहे: पट्टा चालू झाला की दोन झाकणांचं एक होतं

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

पट्ट्यावरून जाणारी झाकणं मोजायची आहेत. रास्पबेरी पाय ४ ला (छोटा एका बोर्डावरचा संगणक) सीएसआयच्या (कॅमेऱ्याचं सॉकेट) रिबन केबलने कॅमेरा मॉड्यूल २ जोडलाय (सेन्सर आयएमएक्स२१९). कॅमेरा वर टांगलेला, खाली सरकता पट्टा. वेग सेकंदाला साधारण ३० सेंमी. झाकणं ३० मिमी व्यासाची, दोन झाकणांत कधीकधी जेमतेम ५ मिमी फट. पायकॅमेरा२ (कॅमेऱ्याची पायथन लायब्ररी) मधून फ्रेम घेतो, ओपनसीव्हीत (चित्रं तपासणारी लायब्ररी) ग्रे करून हफ सर्कल्सने (चित्रातले गोल शोधणारी पद्धत) गोल शोधतो. पट्टा थांबलेला असला की मोजणी चोख. चालू केला की गोल लांबट होतात आणि शेजारची दोन झाकणं चिकटून एकच मोजलं जातं.

रिझोल्यूशन १६४० × १२३२ वरून ६४० × ४८० करून पाहिलं. वेळ वाचला, मोजणी तशीच चुकते. हफचे पॅरामीटर इतके फिरवलेत की मुळात काय होते तेही आठवत नाही. (लाल झाकणं निळी दिसत होती त्यात एक संध्याकाळ गेली ती वेगळीच. पायकॅमेरा२ मध्ये ‘आरजीबी८८८’ मागितलं की अ‍ॅरेत निळा-हिरवा-लाल असा क्रम येतो, आणि ओपनसीव्हीला तोच हवा असतो. मी शहाणपणा करून तो पुन्हा उलटवत होतो.)

हा रोलिंग शटरचा (चित्राच्या ओळी एकदम नाही, एकामागून एक टिपल्या जातात तो) प्रकार आहे का? ग्लोबल शटरवाला (सगळ्या ओळी एकदम टिपणारा) कॅमेरा घ्यावाच लागेल?

शटरबंद: घाई नको. पट्ट्यावर आडवी सरळ रेघ काढा आणि चालत्या पट्ट्याचा फोटो घ्या. रेघ स्पष्ट पण तिरकी आली तर रोलिंग शटर. धूसर आणि जाड आली तर एक्स्पोजर (एका फोटोसाठी सेन्सर उजेड घेतो तो वेळ) जास्त आहे. मेटाडेटात (फ्रेमसोबत येणारी माहिती) एक्स्पोजर टाइम किती येतोय?

धागाकर्ता: रेघ चांगली बोटभर जाड आली! एक्स्पोजर २०,००० च्या आसपास.

शटरबंद: तो आकडा मायक्रोसेकंदात असतो, म्हणजे २० मिलिसेकंद. तेवढ्यात पट्टा ६ मिमी सरकतो आणि तुमची फट ५ मिमीची. फट फोटोत उरणारच नाही, मग हफ बिचारा काय शोधणार? ऑटो एक्स्पोजर बंद करून ती वेळ हाताने द्या. तिरकेपणाचं म्हणाल तर, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत वाचायला समजा २० मिलिसेकंद लागले आणि झाकणाने पाव फ्रेम व्यापली, तर ते दीडेक मिमी तिरकं होईल. मोजणीला त्याने काही बिघडत नाही. माप घ्यायचं असतं तर गोष्ट वेगळी होती.

धागाकर्ता: १ मिलिसेकंद केलं. कडा ब्लेडसारख्या आल्या! पण चित्र काळोखं, आणि आता आडवे काळे पट्टे वरखाली सरकतायत. केबल सैल असेल का?

शटरबंद: केबल नाही, दिवा. ५० हर्ट्झच्या विजेवरचा साधा दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो. एक्स्पोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत असलं की प्रत्येक ओळीला सारखाच उजेड मिळतो. तुमचे आधीचे २० त्यात बसत होते, म्हणून पट्टे दिसले नाहीत. आता एखादी ओळ उजेडात वाचली जाते, एखादी अंधारात. डीसीवर चालणारी एलईडी पट्टी लावा. डिमर लावू नका, बरेचसे डिमर दिव्याची उघडझापच करतात. आणि १ मिलिसेकंदाचा हट्ट कशाला? ३ मध्ये धूसरपणा ०.९ मिमी, फट सहज दिसेल आणि उजेड तिप्पट मिळेल.

रिकामा_बफर: वरच्याला +१. शिवाय रंग लागत नसेल तर लोअर-रेझ स्ट्रीम (कॅमेऱ्याकडून सोबत मिळणारं लहान चित्र) वाययूव्ही४२० मध्ये (उजेड आणि रंग वेगळे ठेवणारा फॉरमॅट) घ्या. पहिला वाय प्लेन (फक्त उजेडाचा भाग) म्हणजे आयता ग्रे फोटो, रूपांतराचा खर्च वाचतो. फक्त ओळीची रुंदी स्ट्राइड (मेमरीत एका ओळीला दिलेली जागा, चित्रापेक्षा जास्त असू शकते) बघून कापा, नाहीतर कडेला कचरा दिसेल.

धागाकर्ता: १२ व्होल्टची पट्टी अडॅप्टरवर लावली, एक्स्पोजर ३. काळे पट्टे गेले. हाताने मोजून २०० झाकणं सोडली, २०३ आली. फ्रेमच्या कडेवर अर्धवट कापलेली झाकणं दोनदा धरली जातायत. मध्ये एक रेघ मानून ती ओलांडणारीच मोजतो आता, एवढं माझं मी निस्तरेन.