सेमी-स्लिक, ताम्हिणी आणि 'चालवता येत नाही ते टायरला दोष देतात'

चाकणचा चाकरमानी

परवा आमच्या रायडर ग्रुपवर एका दादांनी मेसेज टाकला. तो आधी देतो, म्हणजे माझं डोकं का फिरलं ते कळेल: 'सेमी-स्लिक टाकल्यापासून ताम्हिणीत गाडी रुळावरून गेल्यासारखी जाते. पावसातसुद्धा तसूभर फरक नाही. ज्यांना चालवता येत नाही ते टायरच्या नावाने बोटं मोडतात.' खाली चाळीस अंगठे, आणि तीन पोरांचे 'दादा, केवढ्याला पडले?'

मी त्या तीन पोरांसाठी लिहितोय. (सेमी-स्लिक म्हणजे फार कमी खाचांचा, मऊ रबराचा, ट्रॅककडे झुकलेला टायर.)

माझी बाइक केटीएमची आरसी ३९०. मागच्या नोव्हेंबरात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जायचं ठरलं म्हणून पिरेलीचे सुपरकॉर्सा टाकले, म्हणजे सेमी-स्लिकच. टेम्पोचं भाडं वाचवायला गाडी पुण्याहून चालवतच नेली. बाराशेच्या आसपास किलोमीटर, सगळा सरळसोट हायवे. पोचलो तेव्हा मागचा टायर मधोमध पाटासारखा चपटा झाला होता, तळवा फिरवला तर दोन्ही बाजूंना कंगोरा लागायचा. पहिल्या सेशनला गाडी वळणात झुकवायला गेलं की आधी नाही म्हणायची आणि कंगोरा ओलांडला की धपकन आत पडायची.

पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या लॅपनंतर जी पकड आली ती मी आयुष्यात अनुभवली नव्हती. पिटमध्ये येऊन टायरला नख लावलं तर खूण उमटत होती. बारीक खडी रबरात रुतून बसलेली. परत येताना गाडी टेम्पोत घातली, शहाणपण सुचलं म्हणून.

मग डिसेंबर. तेच टायर. पहाटे सहाला पौडमार्गे ताम्हिणी. मुळशीच्या काठाला चहा घेतला, वीस मिनिटं टिवल्याबावल्या केल्या, निघालो. तिसरंच डावं वळण, वेग फार तर पस्तीस-चाळीस. पुढचं चाक असं गेलं की पडतोय हे कळायच्या आत मी रस्त्यावर बसलेला होतो. कॉलरबोन. सहा आठवडे.

रस्ता कोरडा होता, डिझेल सांडलेलं नव्हतं, माती नव्हती. मी दोनदा जाऊन बघून आलोय. टायर थंड होता, एवढंच. हा टायर तापला तर राजा, नाही तर दगड. आणि ट्रॅकवर चार लॅपमध्ये येणारं तापमान रस्त्यावर टिकत नाही; सिग्नल आहे, टोल आहे, म्हशी आहेत, चहा आहे.

घाटमाथा ६५०

तो दादा मीच. नमस्कार.

बाराशे किलोमीटर हायवेवर घासलेला टायर, डिसेंबरची पहाट, चहानंतरचं तिसरं वळण. यात टायरचा दोष किती आणि चहाचा किती, हे धागाकर्त्यांनी सांगावं.

एकच प्रश्न. तुमचे सुपरकॉर्सा एसपी होते की एससी? एसपी रस्त्यासाठी असतो. मागच्या टायरला मधे टणक आणि कडेला मऊ अशी रबराची दोन कंपाउंड असतात, लवकर तापतो. एससी ट्रॅकसाठी, वॉर्मर (टायर तापवायचं विजेचं पांघरूण) लावून वापरायचा. एससी टाकून थंडीत ताम्हिणीत जाणं म्हणजे कुस्तीच्या लंगोटावर लग्नाला जाणं. मी चार वर्षं एसपी वापरतोय. एप्रिलमध्ये दुपारी डांबरावर अनवाणी उभं राहून दाखवा आणि मग मला सांगा टायर तापत नाही म्हणून.

चाकणचा चाकरमानी

एससी होते. कबूल.

दुकानदाराने 'हेच सगळे रोडला वापरतात' म्हणून गळ्यात मारले. नंतर हॉस्पिटलच्या पलंगावर पडल्या पडल्या फोटो झूम करून टायरच्या बाजूचा चार आकडी कोड वाचला: ३४१८. म्हणजे २०१८ सालचा चौतिसावा आठवडा. 'नवीन कोरे' टायर घेतले तेव्हाच पाच वर्षांचे होते. हे मूळ पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नाही, कारण माझाच गाढवपणा आहे. कोड वाचायला काय जात होतं?

पण दादा, त्या तीन पोरांना तुम्ही एसपी-एससी सांगितलंत का? तुम्ही फक्त 'सेमी-स्लिक' म्हणालात. पोरं ओएलएक्सवर जाऊन ट्रॅकवरून उतरवलेले एससी स्वस्तात उचलणार.

पावसाळी पुणेकर

थंडीचं राहू द्या, पावसाबद्दल बोला. खाचा कमी म्हणजे पावसात घसरणार हा गैरसमज आहे. नासाने १९६०च्या दशकात विमानांच्या टायरवरून सूत्र काढलं: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले साधारण १६.७, म्हणजे चाक पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग ताशी किलोमीटरमध्ये. ३६ पीएसआयला १००, २५ पीएसआयला ८३. या सूत्रात खाचांची खोली कुठेच नाही! ताम्हिणीत पावसात शंभरने कोण जातंय?

श्टुटगार्टकर

सूत्रात खाचा नाहीत, कारण पाणी खाचांच्या खोलीपेक्षा जास्त साचलंय हे त्यात धरलेलंच आहे. तिथवर पाणी बाहेर फेकायचं काम खाचांचंच. आणि ट्रॅकसाठी लोक प्रेशर उतरवतात ना? मग तुमच्याच सूत्राने तरंगायचा वेग खाली आला. स्वतःच्याच पायावर धोंडा.

बाइकचा टायर गोल असतो, पाणी होडीसारखं कापतो, म्हणून तो कारच्या टायरपेक्षा उशिरा तरंगतो, एवढं तुम्हाला देतो. पण सेमी-स्लिकची गंमत अशी की खाचा सगळ्या मधे. कडा जवळपास गुळगुळीत. म्हणजे गाडी सरळ असताना थोडंफार पाणी निघतं आणि झुकवली की नेमकी टकली बाजू टेकते.

चारचाकीचा अनुभव सांगतो. मित्राबरोबर जर्मनीतल्या नूरबुर्गरिंग ट्रॅकच्या नॉर्डश्लाइफवर गेलो होतो, मिशेलिन कप २ या कारच्या सेमी-स्लिकवर. जवळजवळ २१ किलोमीटरची एक फेरी. निघालो तेव्हा लख्ख ऊन. अर्ध्यात जंगलात शिरलो तर रस्ता ओला, वरून झाडं गळतायत. मित्र आत्तापर्यंत मला डाउनफोर्स (वारा गाडीला रस्त्यावर कसा दाबतो ते) समजावत होता, तो गप्प झाला. उरलेली अर्धी फेरी आम्ही पासष्टने पूर्ण केली. मागून एक साधी डिझेल व्हॅन आली, दिवा दाखवून पुढे निघून गेली. आत बाळाचं सीट होतं, रिकामं.

घाटमाथा ६५०

म्हणजे बाइक तरंगत नाही हे मी म्हणालो ते बरोबरच निघालं की.

चाकणचा चाकरमानी

तुम्ही 'तरंगत नाही' म्हणाला नव्हता. 'तसूभर फरक नाही' म्हणाला होता. वर तुमचंच वाक्य आहे, वाचा. आणि ताम्हिणीत जुलैत तरंगून कोणी पडत नाही. झाडाखालच्या शेवाळावर पडतात, डोंगरातून आलेल्या लाल चिखलावर पडतात. तिथे थंड, मऊ, टकला टायर काय करणार?

नागपूरचा संत्रा

एवढी चर्चा झाली, पण एकानेही विचारलं नाही की हवा कोणती भरता? समृद्धीवर ७०१ किलोमीटर काँक्रीट आहे भाऊ, टायर भट्टीसारखा तापते. मी फक्त नायट्रोजन भरतो. नायट्रोजन गरम झाला तरी प्रेशर वाढत नाही. साधी हवा भरणाऱ्यांचेच टायर फुटतात.

सांगलीचा मास्तर

अरे देवा. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. आणि वायू कुठलाही असो, तापला की दाब वाढतोच. २५ अंशाला ३० पीएसआय भरा, आतली हवा ६५ अंशाला गेली की जवळपास ३६ होणार. नायट्रोजन भरा, हवा भरा, नाही तर उदबत्तीचा धूर भरा. टायर फुटतात ते हवा कमी ठेवून तासन्‌तास पळवल्यामुळे. बाजूची भिंत सतत दुमडते आणि आतून शिजते. त्यात रबर जुनं असलं की बघायला नको.

नागपूरचा संत्रा

मास्तर, तुम्ही वर्गात शिकवा, मी महिन्यातून चारदा मुंबई करतो. नायट्रोजन भरल्यापासून एकदाही प्रेशर चेक करावं लागलं नाही.

सांगलीचा मास्तर

चेक केलं नाही आणि वाढलं नाही, यातला फरक आठवीत शिकवतात.

नागपूरचा संत्रा

काऊन बे, आठवीवर कशाला जाता? विमानाच्या टायरात नायट्रोजन का भरतात मग? ते पायलट काय येडे आहेत?

कोल्हापुरी कार्टिंग

थांबा थांबा, दोघंबी अर्धं बरोबर हाय. आमच्यात पोरं कार्टवर स्लिक वापरत्यात, तिथं दीड-दोन पीएसआयनं वळणं बदलत्यात. एकदा पावसाळ्यात गावातल्या पंक्चरवाल्याकडं हवा भरली आणि प्रत्येक सेशनला प्रेशर येडंवाकडं चढायला लागलं. परत जाऊन त्येच्या कॉम्प्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक उघडायला लावला. भावा, तांब्याभर पाणी पडलं. गंजाचं, तांबडं, चहागत. त्ये सगळं टायरात जातंय! प्रश्न नायट्रोजनचा न्हाई, पाण्याचा हाय. आता मी पाच रुपयं जास्त देतो आणि आधी टाकी रिकामी करायला लावतो.

सांगलीचा मास्तर

हे मात्र शंभर टक्के. टायरात पाणी साठलं असेल तर ६५ अंशाला नुसत्या वाफेचाच दाब साडेतीन पीएसआय असतो, २५ अंशाला तो अर्धा पीएसआयसुद्धा नव्हता. म्हणजे तीनची भर. विमानात नायट्रोजन असतो तोही कोरडा असावा म्हणून, आणि तापलेल्या ब्रेकजवळ ऑक्सिजन नको म्हणून.

नागपूरचा संत्रा

म्हणजे नायट्रोजन चांगलाच निघाला ना शेवटी?

सांगलीचा मास्तर

हो. तुमच्या व्हॉल्व्हची हिरवी टोपी, नायट्रोजनवाल्यांची खूण, फार शोभून दिसते. जिंकलात.

पावसाळी पुणेकर

धागा सेमी-स्लिकचा होता. वीस प्रतिसाद पंक्चरवाल्याच्या टाकीवर. पॉपकॉर्न संपले माझे.

स्प्लेंडर आजोबा

अवांतर: मी गेली अठरा वर्षं स्प्लेंडरवर ताम्हिणी करतो. साधे टायर, झिजले की बदलतो. वरची सगळी मंडळी मला जोरात ओलांडून जातात आणि मुळशीला चहाच्या टपरीवर परत भेटतात. एकाने मला स्वतःच्या टायरची कड दाखवली, 'बघा काका, एक मिलिमीटर कोरा राहिला नाही.' मी म्हटलं, बाळा, विमा किती राहिलाय?

हलके घ्या.

घाटमाथा ६५०

आजोबा, तो 'बाळा' मीच असणार.

बरं, एवढा रेटा आहे तर ऐका. गेल्या जुलैत माझी गाडी दोनदा मागून सटकली. पडलो नाही. ग्रुपवर लिहिलं नाही, कारण चाळीस अंगठे आले असते का? एकदा पुलाच्या लोखंडी सांध्यावर, एकदा काहीच कारण नसताना, नुसता हलका गॅस दिला तर. दुसऱ्या वेळी हात अर्धा तास थरथरत होते. पण याचा अर्थ तुमचं सगळं बरोबर असा नाही. मार्च ते मे, कोरडा घाट, ऊन, एसपी, आणि माझ्यासारखी २०० किलोची गाडी: यापुढे बाकी सगळे टायर पाणी भरतात. तुमची ३९० हलकी, तिला टायर तापवायलाच वेळ लागतो. ते गाडीचं दुखणं आहे.

चाकणचा चाकरमानी

मार्च ते मे मान्य. दुपारी बारा ते चार मान्य. चहा न पिता मान्य. एवढ्या अटींवर एक टायर घ्यायचा, तो चार-पाच हजार किलोमीटरमध्ये संपवायचा, आणि मग पोरांना सांगायचं 'तसूभर फरक नाही'? ग्रुपवरचा मेसेज दुरुस्त करा, मग मीही लिहितो की चूक माझ्या एससीची होती.

श्टुटगार्टकर

ट्रॅकला जायचं असेल तर टायर तिथे नेऊन बदला. इथे लोक छोट्या ट्रेलरवर दुसरी चाकं घेऊन येतात.

कोल्हापुरी कार्टिंग

ट्रेलर! हितं गाडीवर डबल सीट घेऊन ट्रॅकला जात्यात राव.

घाटमाथा ६५०

ग्रुपवर दुरुस्ती टाकली. 'पावसात जपून, एसपीच घ्या, एससी नको.' तीन पोरांपैकी एकाने अंगठा दिला. बाकी दोघांनी मीम टाकलं.

आणि जूनच्या आत मी माझे एसपी काढतोय, पावसाळ्यापुरते साधे स्पोर्ट टूरिंग टाकणार. बायकोने सांगितलं म्हणून, या धाग्यामुळे नाही. पाच हजार किलोमीटर झालेत, मधे जरा चपटे आहेत, कडा उत्तम. कोणाला स्वस्तात हवे असतील तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

चाकणचा चाकरमानी

कोड काय?

घाटमाथा ६५०

बघून सांगतो.