कुकू घड्याळ: तीनला पक्षी सात वेळा ओरडतो, उपाय सांगा. बजेट ५०० रुपये

बोरीकाठ_अमळनेर
नमस्कार मंडळी. काकांनी जर्मनीहून आणलेलं कुकू घड्याळ आहे. सेलचं नाही, साखळ्यांचं. खाली शंकूच्या आकाराची दोन वजनं, रोज सकाळी वर ओढावी लागतात. आखाजीला बहीण आली होती, तेव्हा भाचीने मोठा काटा गरागरा फिरवला. तेव्हापासून काटे वेळ बरोबर दाखवतात, पण तीनला पक्षी सात वेळा ओरडतो, चारला आठ. साडेला एकदाच, ते ठीक आहे. आईला नीट दिसत नाही, ती आवाज मोजूनच वेळ ओळखते, म्हणून लवकर सुधारायचंय. ५०० रुपयांवर खर्च जमणार नाही आणि पुण्या-मुंबईला पाठवायचं नाही. जळगाव-धुळ्यात खात्रीचा कारागीर आहे का? की घरीच होईल?

केळीबाग_रावेर
पुण्यालाच पाठवा. आमचं तिथेच उघडून साफ केलं, साडेचार हजार घेतले, आजपर्यंत तक्रार नाही. वाडवडिलांच्या वस्तूला पैसे मोजताना हात आखडू नये.

सोनगीरकर
कशाला त्या साखळ्यांच्या नादी लागता? मी मोरबीचं क्वार्ट्झ आणलं, त्यातही पक्षी आहे. २२०० रुपये. खोलीत अंधार झाला की आपोआप गप्प बसतो. सेल बदलला की बटण दाबून आवाज जुळवता येतो. आईंना तेच सोयीचं.

बोरीकाठ_अमळनेर
दोघांचे आभार, पण बजेट ५०० आहे. आणि आईला याच पक्ष्याचा आवाज ओळखीचा आहे, बदली नको.

पांझराकाठचा
भाऊ, मी सांगस ते आयक. मन्हा मामाना घर आस्सं घड्याळ व्हतं. त्यामा शिवणयंत्रनं तेल टाकं आनि सुधरी गयं. खर्च काहीच नही.

चाळीसगाव_फिटर
तेल अजिबात टाकू नका! आपल्याकडे उन्हाळ्यात किती धूळ उडते ते माहीत आहे ना? शिवणयंत्राचं तेल धुळीत मिसळून चिकट होतं आणि चाकांच्या टोकांना खाऊन टाकतं. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं, तेही थेंबभर आणि फक्त टोकांच्या भोकात. साखळीला आणि भात्याला तर कधीच नाही. आणि इथे तेलाचा प्रश्नच नाही, घड्याळ चालतंय.

भुसावळ_लोको
स्विस घड्याळं नाजूकच असतात असं आमच्या कॉलनीत एक जण म्हणाला, म्हणून लिहितो. हे स्विस नाही. दक्षिण जर्मनीतल्या श्वार्झवाल्ड म्हणजे काळ्या जंगलाच्या भागातलं आहे. उतरत्या छपराच्या घराचा जो आकार सगळ्यांना माहीत आहे, तो रेल्वेतून आलाय. १८५० मध्ये फुर्टवांगेनच्या घड्याळ शाळेच्या प्रमुखांनी नव्या नमुन्यांसाठी स्पर्धा ठेवली. बाडेन रेल्वेच्या इमारती बांधणारे वास्तुविशारद फ्रीडरिश आयझेनलोर यांनी रेल्वे चौकीदाराच्या घराचा नमुना पाठवला. माझी नोकरी रेल्वेत झाली, मला याचा अभिमान आहे.

केळीबाग_रावेर
आमचंही त्याच आकाराचं आहे. पुण्याच्या कारागिराने छपराला पॉलिशसुद्धा करून दिलं.

चाळीसगाव_फिटर
आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्या पक्ष्याला काटे कुठे आहेत ते कळत नाही. आत एक मोजणीचं चाक असतं, त्याच्या कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा. ते फक्त ओळीने पुढे जातं: एक, साडेला एक, दोन, पुन्हा साडेला एक, असं बारापर्यंत. ओरडणं पूर्ण व्हायच्या आत काटा पुढे ढकलला की मोजणी चुकते आणि मग ती चूक तशीच चालू राहते. तुमचा फरक नेहमी चारच आहे, म्हणजे चाक धड आहे, काही मोडलेलं नाही. मागची फळी काढा. मोजणीच्या चाकावर टेकलेली तार हलकेच उचलून सोडा. पक्षी पुढची मोजणी करेल. जुळेपर्यंत करत राहा. वजनं टांगलेली असू द्या, नाहीतर ओरडणारच नाही.

यावल_मास्तर
फिटर, हे सांगायला सोपं आहे. सातवरून तीनवर यायला आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, एक, दोन, तीन, म्हणजे ५६ आणि मधले अर्धे तास ८. एकूण ६४ वेळा ओरडणार. मध्ये साखळी ओढावी लागेल.

सोनगीरकर
दिवसभरात १५६ वेळा ओरडतो असं वाचलं होतं. वयस्कर माणसाला त्रासच की.

यावल_मास्तर
१५६ ही नुसत्या तासांची बेरीज. अर्धे तास धरून १८०.

केळीबाग_रावेर
आमचं रात्री बंद ठेवायचा खटका आहे.

चाळीसगाव_फिटर
जपून. काही जुन्या घड्याळांत पक्ष्याचं दार बाहेरून तारेने अडवतात. ती तार लावून विसरलात तर पक्षी आत अडकतो आणि पुन्हा मोजणी चुकते. आणखी एक, दोन्ही साखळ्या रोज ओढता ना? एक वजन काट्यांचं, दुसरं पक्ष्याचं. पक्ष्याचं वजन आधी जमिनीला टेकलं तर काटे पुढे जात राहतात आणि मोजणी तिथेच थांबते. मोठा काटा उलटा तर कधीच फिरवू नका.

फैजपूर_वहिनी
माझ्या सासऱ्यांचं टोल्यांचं घड्याळ तालुक्याच्या गावी एका दुकानात दिलं होतं. त्याने तासकाटाच वाकवून परत दिला आणि वर ३०० रुपये मागितले. म्हणून अनोळखी हाती देऊ नका.

बोरीकाठ_अमळनेर
सगळ्यांचे मनापासून आभार. कारागीर नको, फळीही उघडली नाही. फिटरदादांचं वाचून डोक्यात आलं की पक्षी चार तास पुढे आहे, तर घड्याळच चार तास थांबवावं. दुपारी तीनला सात वेळा ओरडून झाल्यावर लंबक हाताने थांबवला. संध्याकाळी बरोबर सातला छोटा काटा बोटाने सातवर आणला, तो नुसत्या पकडीवर असतो, नट सोडावा लागत नाही. मोठ्याला हातही लावला नाही. लंबकाला झोका दिला. साडेसातला एकदा, आठला आठ वेळा ओरडला. आई मोजत बसली होती, तिने लगेच सांगितलं. खर्च शून्य.

चाळीसगाव_फिटर
हे मला सुचायला हवं होतं. उत्तम केलंत.

केळीबाग_रावेर
छान. तरी एकदा पुण्याला नेऊन साफ करून घ्याच.

गिरणाकाठ_भडगाव
आमच्याकडेही कुकूच आहे, पण ते साडेतीनला सात वेळा ओरडतं आणि चारला एकदा. तसंच थांबवून जमेल का?

चाळीसगाव_फिटर
नुसतं थांबवून नाही. तुमची मोजणी अर्ध्या तासाने सरकली आहे. साडेतीनच्या ओरडण्यानंतर आतली तार एकदाच उचला, म्हणजे चारला आठ वेळा ओरडेल. मग वर सांगितल्यासारखं चार तास थांबवा.