दीड तासाच्या सीएमईत चार विषय: काय ठेवावं, काय काढावं?

कार्यक्रम_समन्वयक
पोटाचे आणि संसर्गाचे पेशंट पाहणाऱ्या फिजिशियनसाठी ९० मिनिटांची सीएमई (डॉक्टरांसाठीचं शिक्षणसत्र) आखतोय. साधारण ४० डॉक्टर असतील. कच्च्या यादीत चार विषय आहेत: एच. पायलोरी (जठरातला, अल्सर करणारा जंतू), सी. डिफिसिल (अँटिबायोटिकनंतर जुलाब करणारा आतड्यातला जंतू), तीव्र जुलाबात अँटिबायोटिक कधी द्यायचं, आणि इम्युनोसप्रेशनआधी (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देण्याआधी) हिपॅटायटिस बीची तपासणी. प्रत्येकी २० मिनिटं, उरलेल्या वेळात प्रश्नोत्तरं. अडचण नेहमीचीच: पोस्टटेस्टचे (सत्रानंतरच्या चाचणीचे) गुण वाढतात, प्रिस्क्रिप्शन जिथल्या तिथे. रचना आणि प्रश्नपत्रिका कशी बदलावी? आकड्यांसकट सांगा.

अँट्रम
चारातले तीन काढा. २० मिनिटांत स्लाइड वाचून होतात, सवय मोडत नाही. एच. पायलोरी ठेवा, कारण त्यात चुका ठरलेल्या जागी होतात आणि त्या मोजताही येतात.

पहिली जागा म्हणजे पीपीआय (ओमेप्राझोलसारखं आम्ल कमी करणारं औषध) चालू असताना केलेली टेस्ट. पीपीआय २ आठवडे आणि अँटिबायोटिक, बिस्मथ ४ आठवडे आधी बंद हवं. नाहीतर जंतूंची संख्या घटते आणि ब्रेथ टेस्ट, स्टूल अँटिजेन, रॅपिड युरिएज (एंडोस्कोपीतल्या तुकड्यावरची टेस्ट), तिन्ही खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात. यातली एकतर्फी गंमत मुद्दाम शिकवा: पीपीआयवर पॉझिटिव्ह आली तर सहसा विश्वास ठेवता येतो, निगेटिव्ह आली तर नाही. मधल्या दिवसांत जळजळीला अँटासिड चालतं. मात्र अल्सरमधून नुकताच रक्तस्राव झालेल्या पेशंटचा पीपीआय टेस्टसाठी घाईने तोडू नका. रक्तस्रावातही युरिएज टेस्ट चुकून निगेटिव्ह येते, तिथे नंतर पुन्हा तपासणं हाच मार्ग.

दुसरी जागा औषधाची. जंतूला कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं हे माहीत नसताना क्लॅरिथ्रोमायसिनची ट्रिपल थेरपी (तीन औषधांचा कोर्स) हात आपोआप लिहून मोकळा होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२४ च्या मार्गदर्शनात अशा वेळी पहिली पसंती १४ दिवसांच्या बिस्मथ क्वाड्रपलला (चार औषधांच्या कोर्सला) आहे: पीपीआय दिवसातून २ वेळा, बिस्मथ ४ वेळा, टेट्रासायक्लिन ५०० मिग्रॅ ४ वेळा, मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ ३ ते ४ वेळा. मोडतोड इथेच होते. टेट्रासायक्लिन मिळालं नाही की डॉक्सिसायक्लिन लिहिलं जातं, त्याचे निकाल कमी येतात. मळमळ होते म्हणून मेट्रोनिडाझोल २ वेळांवर आणलं जातं. पण प्रयोगशाळेत दिसणारा मेट्रोनिडाझोलचा रेझिस्टन्स बऱ्याच अंशी पार होतो तो पूर्ण डोस आणि पूर्ण १४ दिवसांमुळेच. शौचाचा रंग काळा होईल, तोंडाला धातूसारखी चव येईल, टेट्रासायक्लिन दूध, लोह किंवा अँटासिडसोबत घ्यायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर पाचव्या दिवशी गोळ्या बंद.

तिसरी जागा: कोर्सनंतर टेस्टच न करणं, किंवा रक्तातलं आयजीजी (जंतूविरुद्धची अँटिबॉडी) पाहणं. जंतू गेल्यावरही आयजीजी महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहतं. कोर्स संपल्यावर किमान ४ आठवड्यांनी ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन, ती तारीख पहिल्याच प्रिस्क्रिप्शनवर लिहायची.

पर्याय_क
वरच्या मजकुरातून प्रश्न कसा काढायचा ते सांगतो. 'पीपीआय किती दिवस आधी बंद करावं?' हा पाठांतराचा प्रश्न झाला. त्याऐवजी:

४५ वर्षांचा पेशंट. १४ दिवसांचा कोर्स संपून ५ आठवडे झाले. पँटोप्राझोल (पीपीआय) रोज चालू आहे. स्टूल अँटिजेन निगेटिव्ह. पुढे काय?
क) बरा झाला म्हणून फाइल बंद
ख) आयजीजी पाहणं
ग) दुसरा कोर्स
घ) पीपीआय २ आठवडे थांबवून टेस्ट पुन्हा
ङ) लगेच एंडोस्कोपी

उत्तर घ. चुकीचा प्रत्येक पर्याय ओपीडीत खरोखर होणाऱ्या चुकीतून उचललाय. पर्याय झाकून नुसती केस वाचली तरी उत्तर सुचायला हवं. नाही सुचलं तर केस अर्धवट लिहिलीय. 'वरीलपैकी सर्व' नको. आणि सगळ्यात लांबलचक पर्याय बरोबर असण्याची खोड तपासून घ्या, परीक्षेत मुरलेली मंडळी ती दुरून ओळखतात.

प्रीटेस्ट-पोस्टटेस्टला तोच प्रश्न दिला तर मोजली जाते ती तासाभराची आठवण. केस बदला, निर्णय तोच ठेवा, आणि तिसरी केस ४ ते ६ आठवड्यांनी फोनवर पाठवा.

वेळ: केसवर प्रीटेस्ट ८ मिनिटं, भाषण १५, पाच-सहा जणांच्या गटांत तीन केसेस ४५, वेगळ्या केसवर पोस्टटेस्ट १२, 'उद्यापासून मी काय बदलणार' हे प्रत्येकाने एका ओळीत लिहून देणं १०. वक्त्याला १५ मिनिटं कमी वाटतील. वाटू द्या.

बीजाणू
अँट्रम, सी. डिफिसिल इतक्या सहज काढू नका. वॉर्ड सांभाळणाऱ्यांसाठी तोच विषय जास्त कामाचा, आणि शिकवायचं आहे ते 'टेस्ट कधी करू नये'. २४ तासांत ३ किंवा जास्त पातळ शौच, दुसरं कारण नाही, आणि मागच्या ४८ तासांत लॅक्सेटिव्ह (शौच पातळ करणारं औषध) दिलेलं नाही, तरच नमुना पाठवायचा. पीसीआर जनुक दाखवते, टॉक्सिन नाही. लॅक्ट्युलोजवर (एक लॅक्सेटिव्ह) असलेल्या पेशंटची पीसीआर पॉझिटिव्ह आली तर तो नुसता वाहक असू शकतो, आणि मग १० दिवस व्हँकोमायसिन फुकट जातं. बरं झाल्याची टेस्ट इथे करायचीच नाही, शौच घट्ट झालं की पुरे. एच. पायलोरीच्या बरोबर उलट! दोन्ही एकाच सत्रात घेतले तर हा विरोध चांगला ठसतो.

आणखी एक: अल्कोहोल रबने सी. डिफिसिलचे बीजाणू (जंतूचं चिवट, सुप्त रूप) मरत नाहीत. साबण-पाणीच.

अँट्रम
विरोध ठसेल की गोंधळ होईल, हा प्रश्न आहे. निम्म्याहून जास्त लोक वॉर्डातले असतील तर सगळा वेळ सी. डिफिसिलला द्या, माझी हरकत नाही. दोन्ही कोंबू नका, एवढंच.

हिपॅटायटिस बीला भाषणाची गरजच नाही, एक पानभर तक्ता वाटा. रिटुक्सिमॅबआधी (प्रतिकारशक्ती दाबणारं एक औषध) एचबीएस अँटिजेन (चालू संसर्गाची खूण) आणि टोटल अँटी-एचबीसी (जुन्या संसर्गाचीही खूण) दोन्ही. नुसतं अँटिजेन पाहिलं तर जुना संसर्ग निसटतो, आणि रिटुक्सिमॅबनंतर विषाणूची उसळी येण्याचा मोठा धोका तिथेही आहे. प्रतिबंधक औषध रिटुक्सिमॅबच्या शेवटच्या डोसनंतर किमान १२ महिने. पेशंटला नुकतंच आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून) दिलं असेल तर अँटी-एचबीसी उसनं पॉझिटिव्ह येऊ शकतं, ही टीप तक्त्याखाली टाका.

कार्यक्रम_समन्वयक
बहुतेक ओपीडीवालेच आहेत, म्हणजे एच. पायलोरी ठरलं. प्रिस्क्रिप्शन बदललं का, हे ३ महिन्यांनी तपासलं तर चालेल?

पर्याय_क
नाही, तिथेच फसाल. कोर्सचे १४ दिवस, वर किमान ४ आठवडे, म्हणजे टेस्टची वेळच सहाव्या आठवड्यात येते. पेशंट उशिरा येतात म्हणून आणखी २ आठवडे धरा. ३ महिन्यांनी मोजलं तर सत्रानंतरच्या पहिल्या महिन्यात कोर्स सुरू झालेलेच पेशंट पात्र ठरतील. बाकीचे 'टेस्ट केली नाही' या रकान्यात पडतील आणि सीएमई वाया गेल्यासारखी दिसेल. ५ महिन्यांनी मोजा. सत्राआधीचे १० आणि नंतरचे १० पेशंट, रजिस्टरमधल्या क्रमाने सलग; आठवणीतून निवडलेले नकोत, आठवतात ते नीट सांभाळलेलेच पेशंट. भागाकारात खाली 'कोर्स सुरू होऊन ८ आठवडे उलटलेले', वर 'योग्य टेस्ट, पीपीआय थांबवून केलेली'. फाइलमध्ये पीपीआय थांबवल्याची नोंद नसेल तर ती टेस्ट वरच्या आकड्यात धरायची नाही.