वीरगळांचे फोटो सपाट येतात, कोरीवकाम उठून दिसत नाही. काय करू?

माणदेशी_वाट:
नमस्कार मंडळी. सुट्टी मिळाली की आसपासच्या गावांतली जुनी देवळं, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे, एकावर एक चौकटींत कोरलेले स्मारकदगड), सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रियांचे तसेच दगड) हुडकून त्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. शेजारच्या गावात मारुतीच्या देवळापुढे पाच-सहा वीरगळ ओळीने उभे आहेत, तोंडं पूर्वेला. कॅमेरा साधा डीएसएलआर, १८-५५ लेन्स. मुद्दाम सूर्योदयाला जाते. कोवळं ऊन पडलेलं असतं, जागेवर छान वाटतं, पण घरी येऊन पाहिलं की खालच्या चौकटीतली लढाई ओळखूही येत नाही. गावातले एक आजोबा म्हणाले, खडूची पूड चोळ, सगळं दिसेल. चोळू का? की फ्लॅश मारू?

रानपाखरू:
ताई, खडू, पीठ, रांगोळी, तेल, यातलं काहीही दगडाला लावू नका. झिजलेल्या दगडावर खडू फिरवताना आपल्याला जी रेघ वाटते तीच उमटते. शिलालेख असेल तर पुढचा माणूस तेच अक्षर समजून वाचतो. आजोबांना मात्र दगडांबद्दल जरूर विचारा, जुन्या आठवणी त्यांच्याकडेच असतात.

जुना_चौथरा:
ताई, सूर्योदयाचं ऊन चांगलं असं सगळीकडे सांगतात, पण पूर्वेला तोंड असलेल्या दगडासाठी तीच वेळ सगळ्यात वाईट. सूर्य दगडाच्या अगदी समोर असतो. खाचेत आणि उंचवट्यावर सारखंच ऊन पडतं, सावली पडत नाही, आणि सावलीशिवाय कोरीवकाम दिसत नाही. कॅमेऱ्यावरचा फ्लॅशही समोरूनच येतो, त्यामुळे तोही नको.

तुम्ही दुपारी जा. ऊन दगडाचं तोंड सोडून पलीकडे जायच्या बेतात असतं तेव्हा ते पृष्ठभागाला घासून जातं. पूर्वाभिमुख दगडाला ही वेळ मध्यान्हीच्या जरा आधी मिळते. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास, म्हणून अकरा-साडेअकरापासून दगडापुढे बसून राहा. मिनिटामिनिटाला चित्र बदलतं. आधी गायी दिसू लागतात, मग ढाल-तलवार, मग वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, आणि वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा वीर. दगड मागे कललेला असेल तर ही वेळ थोडी पुढे सरकते. थंडीत ऊन तुमच्या डावीकडून वरून तिरकं येईल, मे महिन्यात जवळजवळ सरळ वरून. दोन्ही ऋतूंत काढा, एकाच दगडाचे वेगवेगळे तपशील मिळतात.

पश्चिमेला तोंड असेल तर मध्यान्हीनंतर लगेच. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांच्या रांगा आणि वल्ही कोरली आहेत. तसलं बारीक काम समोरच्या उजेडात गिळलं जातं.

दगड सावलीत असेल तर सोबत्याला बाजूला उन्हात उभं करून घरातल्या आरशाने कवडसा दगडावर आडवा टाकायला सांगा. लेन्स १८ वर ठेवू नका, ५५ वर नेऊन लांबून काढा, नाहीतर कडा वाकतात. खाली बसा, कॅमेरा दगडाच्या मध्याच्या उंचीला आणि समांतर हवा. एका फोटोत शेजारी फूटपट्टी ठेवा.

आणि ताई, आजूबाजूचा परिसरही नक्की टिपा. देवळाचा जीर्णोद्धार निघाला की हे दगड हलतात, नव्या चौथऱ्याच्या भरावात जातात, नाहीतर ऑइलपेंटखाली. मग तो दगड कुठे होता, कुणाकडे तोंड करून उभा होता, हे तुमच्या फोटोवरूनच कळेल. माझ्या लेखी या छंदातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. म्हणून गावाचं नाव, तारीख, दिशा त्याच दिवशी लिहून ठेवत जा.

रानपाखरू:
एक भर घालतो. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्थळांवर ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश चालत नाही. कार्ले-भाजे लेणी पश्चिमाभिमुख, तिथे दुपार टळल्यावर जा, ऊन थेट आत येतं.

माणदेशी_वाट:
खूप आभार दादा! दुपारी जायचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. अजून एक विचारते. ओढ्याकाठी एक सतीशिळा आहे, कोपरात दुमडलेला हात आणि बांगड्या, पण तोंड उत्तरेला. थंडीत तिथे ऊन पोचतच नाही. आणि एका वीरगळाला शेंदूर आहे, त्याचं काय?

जुना_चौथरा:
उत्तराभिमुख दगडासाठी जूनची वाट बघा. तेव्हा सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेकडून जातो, त्यामुळे ऐन दुपारी ऊन वरून दगडाला घासत खाली येतं आणि बांगड्यांच्या आडव्या रेघा स्पष्ट दिसतात. पावसाळी ढग येण्याआधीचा आठवडा गाठा. तोवर आरसा आहेच.

शेंदराला हात लावू नका. तो गावाचा देव आहे, जसा आहे तसाच फोटो घ्या. पुजाऱ्यांना विचारून काढा, आणि एक प्रत छापून त्यांना नेऊन द्या.