विहारात उमेदवाराची सभा : हो की नको?

मंडणगडकर
आमच्या वाडीत विहारापुढे पत्र्याची शेड झाली. पाया आमच्या 40 घरांच्या वर्गणीतून, पत्रे एका पुढाऱ्याचे. आता शेडवरचं त्याचं नाव बुद्धमूर्तीच्या आधी दिसतं. निवडणूक आली, तशी तिथेच त्याच्या माणसाची सभा ठरतेय. माझं मत : विहारात त्रिसरण-पंचशील घ्यावं, प्रचार पिंपळाखाली करावा. वाडीच्या मुंबईतल्या मंडळाला हे पटत नाही.

चाकरमानी_परळ
मीही मंडळातलाच. धम्माला राजकारणाचा विटाळ कधीपासून व्हायला लागला? सोपाऱ्याला, म्हणजे मुंबईजवळच्या जुन्या बंदरात, सम्राट अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखाचे तुकडे सापडलेत. आठव्यात तो सांगतो, आधीचे राजे शिकारीला जायचे, मी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो. बंदरात उतरणाऱ्याला राजा स्वतःचा दौरा वाचायला लावतोय, हा प्रचार नाही तर काय? रायगडातल्या कुड्याच्या बौद्ध लेण्यांत महाभोजांच्या, म्हणजे तिथल्या सत्ताधाऱ्यांच्या घराण्याची दानं कोरली आहेत. मग शेडवरच्या एका नावाने एवढं काय बिघडलं?

मंडणगडकर
कुडा अर्धाच वाचलात. तिथेच माळ्याचं दान आहे, वैद्याचं आहे, कऱ्हाडच्या लोखंड विकणाऱ्याचंही आहे. आमची 40 घरं कुठल्या पत्र्यावर आहेत? आणि अशोक नवव्या लेखात दास-नोकरांशी नीट वागा म्हणतो. मत मागत नाही. (त्याला गरजही नव्हती म्हणा.)

खोताचं_कूळ
दोघंही दोन हजार वर्षं मागे गेलात. खोतीचं, म्हणजे कोकणात कुळांकडून वसुली करायच्या खोतांच्या हक्काचं काय? बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधानसभेत खोती रद्द करायचं बिल मांडलं. जानेवारी 1938 मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्यात कुणबीही होते. दीक्षेला तेव्हा 18 वर्षं अवकाश होता. चवदार तळ्याचं पाणी 1927 मध्ये ओंजळीत घेतलं, कोर्टाचा निकाल लागायला 1937 उजाडलं. धर्मांतर केलेल्यांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या 1990 मध्ये, त्याही संसदेतून. नुसती वंदना म्हणून मिळाल्या नसत्या. राजकारण बाहेर ठेवा हे ज्याचं काही अडत नाही त्यानं म्हणावं.

दापोलीची_सून
राजकारण नको कोण म्हणतंय? गट नकोत. रिपब्लिकन पक्ष 1957 मध्ये उभा राहिला आणि काही वर्षांतच फुटला. ती फूट आमच्या वाडीपर्यंत पोचली : दोन गट, दोन जयंत्या, दोन मिरवणुका. जेवण मात्र दोन्हीकडे आम्हीच रांधतो. आणि भिक्खू संघ सत्तेच्या फार जवळ गेला की काय होतं? श्रीलंकेत 1959 मध्ये पंतप्रधान बंदारनायकेंना गोळ्या घातल्या त्या एका भिक्खूनेच.

चाकरमानी_परळ
वहिनी, पत्र्याच्या शेडसाठी थेट श्रीलंका? तिथे बौद्ध बहुसंख्य आहेत. इथे आपण 40 घरं. एकत्र बसायला दुसरी जागा दाखवा. आणि मंडणगडकर, तुमचा पिंपळ कुणाच्या हद्दीत आहे तेही सांगा की.

मंडणगडकर
देवळाच्या. जयंतीचा मंडपही घालू दिला नव्हता तिथे. हे मी लिहायला हवं होतं, चुकलो. बरं, शेडखाली घ्या सभा, पण येईल त्या प्रत्येक उमेदवाराला तीच जागा. मूर्तीकडे पाठ करून खुर्च्या मांडायच्या नाहीत, आणि त्याआधी पत्र्यावर 40 नावं रंगवायची. रंगाचे पैसे मी देतो.

खोताचं_कूळ
तुमचं नाव नका टाकू म्हणजे झालं.

दापोलीची_सून
चहा कोण करणार तेही आत्ताच ठरवा.