मदत हवी आहे: १९७० ची शेव्हेल घेऊन ट्रॅकवर नव्या हलक्या गाड्यांबरोबर पळायचंय, पैसे आधी कुठे घालू?

मंडळी, प्रश्न लांबलचक आहे. पण गाडीची पूर्ण माहिती दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहितोय.

मी मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉईटपासून पाऊण तासावर. माझ्याकडे १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल एसएस आहे. बॅजवर ३९६ लिहिलंय पण १९७० च्या गाडीत आतलं इंजिन ४०२ क्युबिक इंचाचं आहे, म्हणजे ६.६ लिटर, व्ही-८ बिग ब्लॉक, सगळं ओतीव लोखंडाचं. चार गिअरचा मन्सी गिअरबॉक्स, मागे १२ बोल्टचा डिफरन्शियल, रेशो ३.३१. कागदावर ३५० हॉर्सपॉवर, पण तो जुना ग्रॉस आकडा, म्हणजे नुसतं इंजिन स्टँडवर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे काही न लावता मोजलेला. १९७२ पासून नेट आकडे छापायला लागले तेव्हा तसल्याच इंजिनांचे आकडे एकदम खाली आले ते त्यामुळेच. माझी गाडी गेल्या वर्षी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर लावली, मागच्या चाकांवर २५१ निघाले. वजनकाट्यावर १७६५ किलो, त्यातले ५८ टक्के पुढच्या चाकांवर.

गाडी आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची होती. जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात नोकरी, ही नवी कोरी घेतलेली आणि तरुणपणी रात्री डेट्रॉईटच्या वुडवर्ड अव्हेन्यू रस्त्यावर भरपूर पळवलेली. मी इथे नवीन आलो तेव्हा पहिल्या बर्फात माझी गाडी ड्राइव्हवेत अडकली, तेव्हा फावडं घेऊन ते आले होते, तिथून ओळख. नंतर शनिवारी त्यांच्या गराजमध्ये जाऊन बसायचो, कार्ब्युरेटर कसा जुळवायचा, टायमिंग कसं लावायचं हे सगळं त्यांनीच शिकवलं. शेवटच्या आजारपणात त्यांनी गाडी मला विकली, बाजारभावाच्या निम्म्यालाही नाही, आणि एकच सांगितलं की इंजिन बदलू नकोस, आणि शोसाठी चादरीखाली झाकून ठेवू नकोस, पळव. म्हणून मी पळवतोय.

आता प्रश्नाकडे येतो. माझा भाचा ॲन आर्बरला शिकून नोकरीला लागला आणि त्याने टोयोटा जीआर ८६ घेतली. २.४ लिटर, चार सिलिंडर, २२८ हॉर्सपॉवर, वजन साधारण १२८० किलो. सप्टेंबरात आम्ही दोघं साउथ हेवनच्या जिंजरमॅन ट्रॅकवर ट्रॅक डेला गेलो. २.१४ मैलांची लॅप, बहुतेक सगळी वळणं एकामागोमाग एक, जमीन सपाट, बाजूला गवत भरपूर, त्यामुळे शिकायला चांगली जागा आहे. सरळ पट्ट्यावर मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की चारशे दोनचा तो आवाज, गाडीचं नाक वर, आणि भाचा मागे मागे जायचा, पण पट्टा संपला की मला त्याच्यापेक्षा कितीतरी आधी ब्रेक मारायला लागायचा आणि वळणात शिरेपर्यंत तो आरशात एवढा मोठा दिसायचा की हात बाहेर काढून त्याला पुढे जाऊ द्यायला लागायचं. त्याची चांगली लॅप १ मिनिट ५३ सेकंद, माझी २ मिनिटं ५. माझी गाडी ताकदवान आणि तरी १२ सेकंद मागे.

तिसऱ्या सेशनला ब्रेक गेले. गेले म्हणजे मागच्या सरळ पट्ट्याच्या शेवटी, साधारण ताशी १७० किलोमीटरच्या वेगात असेन, पेडल दाबलं तर ते मऊ होऊन जवळजवळ फ्लोअरला टेकलं. तीनचार वेळा भराभर पंप केलं, गिअर खाली टाकला, गाडी गवतात गेली आणि थांबली. कुणाला काही झालं नाही, गाडीलाही नाही, पण हेल्मेट काढल्यावर माझे हात थरथरत होते आणि भाचा पिटमधून पळत आलेला. पुढे ११ इंची डिस्क आहेत, मागे ड्रम, दोन्ही कंपनीचेच. टायर २३५/६० आर १५, रेझ्ड व्हाइट लेटरवाले, दिसायला सुंदर. घरी येऊन पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा घासून गोल झालेल्या. आणखी एक, लांबच्या उजव्या वळणात ऑईल प्रेशरचा काटा खाली पडत होता, तो मी दोनदा स्वतः पाहिला.

आता बजेट ६००० डॉलर, घरी बोलून ठरवलेलं आहे, त्यापुढे जाणार नाही. इथल्या एका गराजवाल्याने सांगितलं की हे इंजिन काढा, जीएमचं नव्या पिढीचं ॲल्युमिनियमचं एलएस इंजिन टाका, पुढचं वजन कमी होईल, पॉवर वाढेल, कटकट संपेल. तांत्रिकदृष्ट्या त्याचं बरोबर असेल, पण ते मी करणार नाही, कारण वर लिहिलंय. दुसरा एक जण म्हणतो की इंजिन तेच ठेवून कॅमशाफ्ट आणि हेड बदला, ६० हॉर्सपॉवर सहज वाढतील. माझा कल तिकडे होता, पण त्या गवतातल्या प्रसंगानंतर खात्री वाटत नाही.

तर ज्यांनी जुन्या जड गाड्या ट्रॅकवर चालवल्यात त्यांनी कृपया सांगा. ब्रेक, टायर, सस्पेंशन, इंजिन यात पहिले पैसे कुठे घालू? आणि या गाडीने नव्या हलक्या गाडीच्या निदान आसपास राहता येतं का, की मी अशक्य मागतोय?

प्रतिसाद १

दादा, आधी बरं झालं सुखरूप आहात. मी पुण्याचा, बरीच वर्षं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर एस्टीम पळवली, म्हणजे मी तुमच्या भाच्याच्या बाजूचा, हलक्या गाडीवाला. पण जड गाडीचं गणित सगळ्यांना सारखंच.

ड्रायव्हर धरून तुमची गाडी १८४५ किलो, त्याची १३६०. १७० वरून ८० वर यायला तुमच्या ब्रेकना जवळजवळ १६ लाख ज्यूल उष्णता गिळावी लागते, त्याच्या ब्रेकना १२ लाख. आणि हे एका वळणाला, लॅपमध्ये असं तीनचार वेळा, वीस मिनिटं. त्याच्या गाडीला चारही चाकांना हवा खेळणाऱ्या डिस्क, तुमच्या मागे ड्रम. म्हणजे काम एक तृतीयांशाने जास्त आणि करणारे हात कमी. अजून ६० हॉर्सपॉवर घातले तर तुम्ही त्याच वळणाला १८० ने पोचाल, आणि ब्रेक तेच.

पेडल मऊ होऊन खाली गेलं म्हणताय त्या अर्थी फ्लुइड उकळलं. नुसते पॅड तापले असते तर पेडल कडक राहतं आणि गाडी थांबत नाही, हा फरक लक्षात ठेवा. जुनं डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक फ्लुइडचा प्रकार) असेल तर नव्याचा उत्कलनबिंदू २०५ अंश, पण ते हवेतला ओलावा ओढतं आणि मग १४० पर्यंत खाली येतं. चांगलं डॉट ४ पूर्ण फ्लश करून भरा, वर्षातून एकदा तरी बदला. मात्र आधी झाकण उघडून फ्लुइडचा रंग बघा! जुन्या रिस्टोअर केलेल्या गाड्यांत पुष्कळ वेळा जांभळं सिलिकॉनचं डॉट ५ असतं, सांडलं तर गाडीचा रंग खराब होऊ नये म्हणून भरतात, त्यात डॉट ४ मिसळायचं नाही, सगळं सर्किट साफ करायला लागेल. मग ट्रॅकचे पॅड, नवे होज, आणि पुढच्या डिस्कवर हवा आणणारा पाइप. हे सगळं हजाराच्या आत बसेल. आणि पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, त्याआधी एक अख्खी लॅप ब्रेक न मारता हळू फिरा.

प्रतिसाद २

मी ओहायोत असते, माझी १९६८ ची कॅमॅरो आहे, ऑटोक्रॉस (मोकळ्या जागेत कोन मांडून एकेकट्याने वेळ लावून पळवणं) करते, कॅम-टी म्हणजे जुन्या अमेरिकन गाड्यांच्या क्लासमध्ये. ब्रेकबद्दल वर लिहिलंय ते शंभर टक्के. त्यानंतर टायर, दुसरं काही नाही.

दादा, तुमच्या त्या पांढऱ्या अक्षरांच्या टायरला बहुधा ट्रेडवेअर ४०० आहे (आकडा जितका कमी तितकी पकड जास्त, पण टायर लवकर झिजतो) आणि स्पीड रेटिंग एस, म्हणजे १८० किलोमीटर. ते रविवारी सकाळी फिरायला जायचे टायर आहेत. ट्रॅकचे २०० ट्रेडवेअरवाले टायर १५ इंचात रुंद मिळणं कठीण, त्यामुळे १७ किंवा १८ इंची रिम घ्यायलाच लागतील. मला माहितीये जुन्या गाडीवर मोठी रिम बघवत नाही, मीसुद्धा दोन वर्षं नको नको म्हणत होते. पण एकाच दिवशी दोन्ही टायर लावून बघितले आणि परत मागे गेले नाही. तुमचे जुने रिम-टायर तसेच ठेवा, ट्रॅकवरून आलात की बदला.

बाहेरच्या कडा घासल्या त्याचं कारण तुमच्या गाडीची पुढची भूमिती. त्या काळच्या जीएमच्या या चासीमध्ये गाडी वळणात कलली की बाहेरचं चाक वरच्या बाजूला बाहेर झुकतं, म्हणजे नको तेव्हा नको तसा कॅम्बर (चाकाचा उभा कल), आणि अख्खा टायर कडेवर उभा. यावर उंच बॉल जॉइंट आणि वेगळे अप्पर कंट्रोल आर्म (चाक धरून ठेवणारे वरचे दांडे) मिळतात, ते बोल्टने बसतात, कुठे कापायचं नाही, वेल्डिंग नाही. बरोबर जाड अँटी-रोल बार आणि चांगले शॉक. जमलं तर १२.७ रेशोचा स्टिअरिंग बॉक्स टाका, दोन्ही हातांनी जहाज वळवल्यासारखं वाटतं ते बंद होईल.

ऑईल प्रेशरचं मात्र कृपया मनावर घ्या. वळणात इंजिनाखालच्या पॅनमधलं ऑईल एका बाजूला जातं आणि पंपाचा पिकअप हवा ओढतो. तेवढ्या दोन सेकंदांतही बेअरिंग जाऊ शकतात, आणि मग ज्या इंजिनासाठी एवढं चाललंय तेच हातचं जाईल. बॅफलवाला, म्हणजे ऑईल अडवणाऱ्या आतल्या पडद्यांचा पॅन टाका, तोपर्यंत ट्रॅकवर जाऊच नका.

आणि तुमची गाडी हार्डटॉप आहे, छताला आधार देणारा मधला खांब, बी-पिलरच नाही. वेग वाढवताय तर रोल बारचा, म्हणजे छत दबू नये म्हणून आत बसवायच्या लोखंडी कमानीचा विचार करा. रोल बार नसताना चार पॉइंटचे हार्नेस (रेसिंगचे सीटबेल्ट) मात्र लावू नका, गाडी उलटली आणि छत दबलं तर माणूस सीटला बांधलेलाच राहतो.

प्रतिसाद ३

भाच्याबरोबरच पळायचंय ना, मग मिशिगनमधल्याच मार्टिनच्या यूएस-१३१ या ड्रॅग स्ट्रिपवर ब्रॅकेट रेसिंगला जा की दोघं. प्रत्येकाने आपली पाव मैलाची वेळ आधी सांगायची, हळू गाडीला तेवढ्या फरकाने आधी हिरवा दिवा मिळतो, आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा जोरात गेलात तर हरलात. दिव्यावर कोण लवकर सुटतो आणि गाडी किती एकसारखी पळते यावरच सगळं. वजन, वय, सिलिंडर काहीच आड येत नाही. चारशे दोन तिथे घरी असल्यासारखी पळेल.

प्रतिसाद ४

जरा वेगळं मत. इतकी ओरिजिनल, पहिल्या मालकाकडून आलेली गाडी ट्रॅकवर नेऊच नये असं मला वाटतं. अशा किती राहिल्यात? त्या पैशात माझदाची छोटी जुनी मियाटा घ्या, हजार किलोच्या आत, वर्षभर पळवा, शेव्हेल सांभाळून ठेवा.

धागाकर्त्याचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येकाला उत्तर देतो.

पुणेकर दादा, तुमचं वाचून त्याच रात्री गराजमध्ये गेलो आणि मास्टर सिलिंडरचं झाकण उघडलं. जांभळं नाही, पण चहासारखं काळपट झालंय, बाटलीवरची तारीख मीच लिहिली होती, सहा वर्षं झाली. ब्रेकला मी एवढं दुर्लक्ष केलं आणि कॅमशाफ्टची कॅटलॉगं वाचत बसलो याचं वाईट वाटतंय. फ्लश या आठवड्यातच.

ताई, बॅफलवाला पॅन आजच मागवला. रिमबद्दल थोडा वेळ द्या, पण तुमचं पटलंय, ट्रॅकचा वेगळा सेट करतो. कंट्रोल आर्म बोल्टने बसतात हे कळलं तेव्हा फार हलकं वाटलं, कारण माझी खरी अडचण तीच होती. काढलेला प्रत्येक पार्ट मी लेबल लावून, तेल पुसून, लाकडी खोक्यात ठेवणार आहे, उद्या कुणाला गाडी १९७० सारखी करायची तर एका आठवड्यात करता आली पाहिजे. रोल बारचं बजेट या वर्षी बसणार नाही, त्यामुळे वेग तेवढाच ठेवेन.

ब्रॅकेटचं भाच्याला सांगितलं, तो लगेच तयार झाला. मला त्यात फार आवडलेली गोष्ट म्हणजे कुणालाच सवलत दिल्यासारखं वाटत नाही.

चौथ्या प्रतिसादात लिहिलंय त्याचा राग नाही, काळजीनेच लिहिलंय. पण ज्यांनी मला ही गाडी दिली त्यांनी ती रात्री अकरा वाजता सिग्नलला उभी करून शेजारच्याशी नजर मिळवून पळवलेली आहे. त्यांच्या गराजच्या भिंतीवर त्या काळच्या टाइमस्लिप (ड्रॅग रेसच्या वेळेच्या चिठ्ठ्या) चिकटवलेल्या होत्या, पिवळ्या पडलेल्या, त्या त्यांच्या मुलीने मला गाडीबरोबर दिल्या. ती गाडी झाकून ठेवून मी मियाटा चालवली तर मला शनिवारी गराजमध्ये जाववणार नाही.

एक शंका राहिली. ताई, उंच बॉल जॉइंट टाकल्यावर अलाइनमेंट किती ठेवता तुम्ही? इथला अलाइनमेंटवाला १९७० च्या पुस्तकातलेच आकडे लावतो, मला त्याच्या हातात कागद लिहून द्यायचाय.

प्रतिसाद २, पुन्हा

कॅमॅरोची सुरुवात मी कॅम्बर उणे १ अंश, कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे कल) अधिक ५, टो-इन (पुढची चाकं आतल्या बाजूला वळलेली) अगदी किंचित इथून केली होती. तुम्हीही तिथूनच करा, मग टायरची कड बघत कॅम्बर उणे बाजूलाच अर्ध्या अर्ध्या अंशाने वाढवा. पुस्तकातले आकडे जुन्या बनावटीच्या बायस-प्लाय टायरच्या काळातले आहेत, ते लावू देऊ नका. आणि बर्फ वितळला की कळवा, एप्रिलमध्ये टोलेडोच्या बाजूला ऑटोक्रॉस सुरू होतात, पाच मीटरची शेव्हेल कोनमधून कशी काढायची ते शेजारी बसून दाखवते.